फाशी, घटनासमिती आणि १९४९ची दिल्ली

३ जून १९४९ रोजी दिल्लीत घटनासमितीपुढे वरकरणी रूक्ष वाटणारा एक प्रश्न होता. होऊ घातलेल्या सर्वोच्च न्यायालयाला फौजदारी खटल्यांतील अपिले ऐकण्याचा अधिकार द्यावा की नाही, आणि द्यावयाचा तर किती, एवढीच ती चर्चा. ज्याला मृत्युदंड सुनावला गेला आहे त्याला तरी देशातील अखेरच्या न्यायासनापर्यंत जाण्याची वाट असली पाहिजे, असा काही सभासदांचा आग्रह होता. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना सरसकट सर्व फौजदारी अपिले सर्वोच्च न्यायालयाकडे नेणे मान्य नव्हते. मृत्युदंडाच्या प्रकरणांपुरते मात्र त्यांनी आपले मन मोकळे ठेवले, आणि त्या ओघातच एक गोष्ट सांगून टाकली : अपिलाची तरतूद करीत बसण्यापेक्षा देहदंडच रद्द करणे आपल्याला अधिक पसंत पडेल. या देशाने अहिंसेचे तत्त्व परंपरेने मानलेले आहे. प्रत्यक्ष आचरणात लोक ते पाळत नसतील, तरी शक्य तितके पाळावयाचा नैतिक आदेश म्हणून ते त्याकडे पाहतात, तेव्हा मृत्युदंड पूर्णपणे काढून टाकणेच या देशाला उचित होय, असे त्यांच्या प्रतिपादनाचे तात्पर्य होते.

त्याच दिवसांत सिमल्याला पूर्व पंजाबच्या उच्च न्यायालयात महात्मा गांधींच्या खुनाच्या खटल्यातील अपिलांचे काम चालले होते. आंबेडकरांनी त्या खटल्याचा उल्लेख केला नाही आणि त्यांच्या विधानाचा त्याच्याशी थेट संबंध जोडण्यास काही आधारही नाही. तरीसुद्धा फाशीविरुद्धचा युक्तिवाद भारतात पहिल्यांदा खऱ्या अर्थाने कसाला लागला तो १९४८-४९ या दोन वर्षांत, आणि तोही सर्वांत अवघड उदाहरणावर. दयेला पात्र वाटणाऱ्या गुन्हेगारासाठी दया मागणे सोपे असते. ज्याचे कृत्य अक्षम्य, ज्याला पश्चात्ताप नाही आणि ज्याच्या अपराधाविषयी शंकेला जागा नाही, अशा माणसालाही राज्याने मारू नये असे म्हणता येते का, हा खरा प्रश्न होता.

हा प्रश्न दिल्लीला अगदीच नवा नव्हता. १९३१ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बिहारचे सभासद गयाप्रसाद सिंह यांनी भारतीय दंडसंहितेतील मृत्युदंड रद्द करणारे विधेयक मांडण्याचा प्रयत्न केला होता. गृहसदस्य सर जेम्स क्रेरार यांच्या उत्तरानंतर तो फेटाळला गेला. ते वर्ष मात्र लक्षात घेण्याजोगे आहे. जानेवारीत सोलापूरचे मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्यास फाशी झाली. २३ मार्चला लाहोरला भगतसिंग, सुखदेव आणि खेडचे शिवराम हरी राजगुरू फासावर गेले. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत कराचीला काँग्रेसचे अधिवेशन भरले, मूलभूत हक्कांचा ठराव झाला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईस अखिल भारतीय काँग्रेस समितीने त्या ठरावाला जे सुधारलेले रूप दिले त्यात देहदंड असणार नाही, असे स्वच्छ कलम होते. सत्तेवर येऊ पाहणाऱ्या पक्षाने आपल्या भावी राज्याविषयी दिलेले हे वचन होते.

महाराष्ट्राच्या मनात फाशी या शब्दाभोवती जे भाव जमले आहेत त्यांचा उगमही याच काळात आहे. चापेकर बंधू, अनंत कान्हेरे, विष्णू गणेश पिंगळे, राजगुरू ही नावे घेताना मराठी माणूस ‘फासावर चढले’ असे म्हणतो. ‘फासावर दिले’ असे सहसा म्हणत नाही. क्रियापदाच्या या निवडीत शिक्षेचा अर्थच उलटा झालेला आहे. देणारा परका आणि चढणारा आपला, म्हणून फाशी ही शिक्षा न राहता एक पायरी झाली. असल्या भाषिक व्यवहारामुळे एक गोष्ट झाकली गेली. फाशीचा दोर परक्याच्या हातून आपल्या हाती आल्यावर त्याचे काय करावयाचे, याचा विचार करण्याची सवयच आपल्याला लागली नाही.

घटनासमितीत तो विचार मांडला गेला, पण अगदी थोडा वेळ. १९४८च्या नोव्हेंबरअखेर संयुक्त प्रांताचे सभासद झेड. एच. लारी यांनी एक दुरुस्ती सुचवली. हिंसेचा अवलंब करणारा राजद्रोह वगळता अन्य सर्व गुन्ह्यांसाठी मृत्युदंड रद्द व्हावा, अशी तिची भाषा. मानवी निर्णय अचूक असू शकत नाही, आणि प्राण एकदा घेतल्यावर चूक सुधारता येत नाही, हा त्यांच्या भूमिकेचा गाभा. ही गोष्ट घटनेत घालण्याची गरज नाही, पुढे कायदेमंडळाला साध्या कायद्याने ती करता येईल, असे अमियो कुमार घोष यांनी सुचवले. दुरुस्ती फेटाळली गेली. ‘पुढे कायद्याने करू’ हे उत्तर त्या वेळी वाजवी होते. भारतीय लोकशाहीत किती प्रश्न या एका उत्तराने गुंडाळून माळ्यावर टाकले गेले, याचा हिशेब कुणीतरी कधी मांडावयास हवा.

लारी बोलत होते तेव्हा घटनासमितीच्या सभागृहापासून काही मैलांवर लाल किल्ल्यात गांधीखुनाचा खटला उभा होता. ही जागा न्यायदानाच्या दृष्टीने विलक्षणच म्हटली पाहिजे. १८५८ साली बादशहा बहादुरशहा जफर यांच्यावर येथेच खटला चालला. १९४५च्या अखेरीस आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील पहिला खटलाही येथेच चालला. तिसऱ्या वेळी न्याय करणारे राज्य स्वतंत्र भारताचे होते. विशेष न्यायाधीश आत्माचरण यांच्यापुढे २७ मे १९४८ला काम सुरू झाले. आठ आरोपी, सरकारपक्षाचे १४९ साक्षीदार, आणि दुभाष्यांच्या तोंडून हिंदुस्थानी, मराठी व तेलुगू अशा तीन भाषांत होणारे कामकाज. १० फेब्रुवारी १९४९ रोजी निकाल लागला. विनायक दामोदर सावरकर निर्दोष सुटले. नथुराम गोडसे व नारायण आपटे यांना देहदंड, आणि उरलेल्या पाचजणांना जन्मठेप झाली.

या पाचांपैकी दोघांची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. माफीचा साक्षीदार झालेल्या दिगंबर बडगे याचा नोकर शंकर किस्तय्या आणि ग्वाल्हेरचे डॉ. दत्तात्रय परचुरे यांना जन्मठेप झाली होती. जूनच्या उत्तरार्धात सिमल्याच्या न्यायालयाने दोघांनाही मुक्त केले. म्हणजे देशातील सर्वाधिक काळजीने, सर्वाधिक प्रकाशात चालवलेल्या खटल्यात सातांपैकी दोन दोषनिर्णय चार महिन्यांत उलटले. किस्तय्या हा मालकाचे हुकूम पाळणारा गरीब नोकर. मालक माफी मिळवून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणि नोकर आरोपीच्या, अशी ती स्थिती होती. गोडसे-आपटे यांच्या अपराधाविषयी त्यावरून काही शंका निघत नाही. परंतु लारींच्या विधानाचा पुरावा त्याच खटल्याच्या कागदांत होता. किस्तय्या जिवंत होता, म्हणून सुटू शकला.

सिमल्याच्या सुनावणीचे एक चित्र तीन न्यायाधीशांपैकी एक, गो. दा. खोसला, यांनी आपल्या आठवणींत काढून ठेवले आहे. गोडसेने खुनाबद्दलच्या शिक्षेविरुद्ध अपील केलेच नव्हते. कटाच्या आरोपापुरते त्याने स्वतः भाषण केले. ते ऐकताना प्रेक्षकांतील स्त्रियांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि त्या दिवशीच्या श्रोत्यांना ज्यूरी म्हणून बसवले असते तर त्यांनी मोठ्या बहुमताने आरोपीला निर्दोष ठरवले असते, असे खोसला यांनी लिहिले. हे चित्र गोडसेचे गोडवे गाणारे लोक आनंदाने उद्धृत करतात. त्यातून निघणारा अर्थ मात्र त्यांच्या उपयोगाचा नाही. भरल्या सभागृहातील भावना ही न्यायाची साक्ष नव्हे, एवढाच त्याचा अर्थ.

कारण तीच भावना सोळा महिन्यांपूर्वी महाराष्ट्रात दुसऱ्या टोकाला गेलेली होती. ३० जानेवारी १९४८ नंतरच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागांत खुन्याच्या जातीच्या लोकांची घरे पेटवली गेली. ज्यांनी गोडसेचे नावही पूर्वी ऐकले नव्हते त्यांचे संसार रस्त्यावर आले. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘वावटळ’ कादंबरीचा विषय हाच आहे, आणि जळिताच्या त्या आठवणी मराठी घरांत अजूनही दबक्या आवाजात सांगितल्या जातात. एका ऋतूत जमाव निरपराधांची घरे जाळतो, दुसऱ्या ऋतूत दुसरा जमाव खुन्यासाठी रडतो. मराठीतील काही लेखन तर या खुनाला ‘वध’ म्हणते. कंसाच्या आणि अफझलखानाच्या पंक्तीस गांधींना बसवण्याची ही करामत केवळ एका शब्दाने होते. समाजाच्या मनाची अशी अवस्था असताना त्याच्या समाधानासाठी कुणाचा जीव घेणे म्हणजे वाळूवर पाया घालणे होय. हा मुद्दा पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या भाषेत पुन्हा येणार आहे.

फाशीच्या समर्थकांचा सर्वांत प्रभावी युक्तिवाद मृताच्या आप्तांच्या वतीने केला जातो. ज्याचे माणूस गेले त्याला विचारा, असे म्हटले की समोरचा गप्प होतो. १९४९ साली हे विचारण्याची गरज पडली नाही. आप्तच पुढे आले. मणिलाल आणि रामदास या गांधींच्या दोन पुत्रांनी शिक्षा सौम्य करावी अशी विनंती केली. नागपूरला राहणाऱ्या रामदासांनी तर तुरुंगातील गोडसेला पत्र लिहून त्याच्याशी संवाद करून पाहिला. त्यांची ही भूमिका वडिलांच्या वागण्याशी सुसंगतच होती. २० जानेवारी १९४८ला बिर्ला हाउसमधील प्रार्थनेच्या वेळी मदनलाल पाहवाने स्फोट घडवून आणला. दुसऱ्याच दिवशी गांधींनी त्या तरुणाचा कुणी तिरस्कार करू नये असे प्रार्थनासभेत सांगितले, आणि पोलिसांनीही त्याला छळू नये अशी इच्छा व्यक्त केली. मृत्युदंड अहिंसेशी विसंगत आहे, हे तर ते पूर्वीपासून म्हणत होते. तेव्हा बळी गेलेल्या माणसाचे मत आणि त्याच्या मुलांचे मत, दोन्ही उपलब्ध होती आणि दोन्ही एकाच बाजूला होती.

जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी या तिघांनीही ती विनंती मानली नाही. हे तिघे गांधींचे निकटचे सहकारी. त्यांच्या नकाराला सूडबुद्धी म्हणणे अन्यायाचे होईल. फाळणीच्या रक्तपातातून देश नुकता बाहेर पडत होता. सामान्य खुन्याला फाशी आणि राष्ट्रपित्याच्या खुन्याला सूट, असे झाले असते तर कायद्याची समानता कुठे राहिली असती, हा प्रश्न क्षुल्लक नव्हता. गांधींचे पुत्र क्षमा करू शकतात, राज्य करू शकत नाही. राज्याला क्षमेचा अधिकार नसून संरक्षणाचे कर्तव्य आहे, असेही त्यावर म्हणता येते. या उत्तरात बळ आहे. परंतु ते मान्य केले की एक किंमत मोजावी लागते : मृताच्या आप्तांसाठी आम्ही फाशी देतो, हे म्हणण्याचा अधिकार त्या दिवसापासून राज्याने गमावला. आप्त मागतात तेव्हा त्यांचे नाव पुढे करावयाचे आणि ते नको म्हणतात तेव्हा राज्याचे कर्तव्य सांगावयाचे, हे दोन्ही एकाच वेळी चालत नाही. पुढे अर्धशतकाने राजीव गांधी यांच्या हत्येच्या प्रकरणात नलिनी हिच्या फाशीविरुद्ध सोनिया गांधी यांनी शब्द टाकला आणि २००० साली तमिळनाडूच्या राज्यपालांनी ती शिक्षा जन्मठेपेत बदलली. एका गांधी कुटुंबाचे ऐकले गेले, दुसऱ्याचे नाही. दोन्ही वेळा कायदा तोच होता.

१५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाल्याच्या तुरुंगात दोघांना फाशी झाली. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा दरवाजा तोवर बंद झाला होता आणि दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय उघडावयाचे होते. आंबेडकर ज्या अपिलाविषयी जूनमध्ये बोलत होते ते या दोघांच्या बाबतीत अस्तित्वातच नव्हते. बरोबर अकरा दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, घटनासमितीने राज्यघटना स्वीकारली.

या फाशीने काय साधले? गोडसेला हुतात्मा व्हावयाचे होते. राज्याने त्याला तिथी दिली. काही गट ती आजही ‘बलिदानदिन’ म्हणून पाळतात. जन्मठेप भोगून आलेल्यांच्या नशिबी असा दिवस आला नाही. ते म्हातारे झाले, मुलाखती देत राहिले, स्वतःच्याच बोलण्याने उघडे पडत गेले. आणखी एक हानी याहून मोठी आहे. १९६४च्या ऑक्टोबरात गोपाळ गोडसे आदींची सुटका झाल्यावर नोव्हेंबरमध्ये पुण्यात एक समारंभ झाला, आणि त्यात टिळकांचे नातू ग. वि. केतकर यांनी खुनाच्या बेताची आपल्याला आधी कल्पना होती असे जाहीरपणे सांगितले. देशभर गदारोळ उठला. त्यातून जो आयोग नेमला गेला त्याचे काम पुढे न्यायमूर्ती जीवनलाल कपूर यांनी १९६९ साली पूर्ण केले. कुणाला काय माहीत होते, कुठे दुर्लक्ष झाले, कटाचे धागे कुठवर जात होते, हे प्रश्न त्या आयोगापुढे होते. ज्या दोघांना ते सर्वांत आधी विचारावयास हवे होते ते दोघे वीस वर्षांपूर्वीच बोलण्याच्या पलीकडे पोचवले गेले होते. मृत्युदंडाने सत्य मुके होते, हा आक्षेप पुस्तकी वाटतो. कपूर आयोगाने त्याला एक तारीख आणि एक रिकामी जागा दिली.

आंबेडकरांच्या सूचनेचे काय झाले? घटनेत अनुच्छेद १३४ आला. खालच्या न्यायालयाने सोडलेल्या आरोपीला उच्च न्यायालयाने फाशी दिली, तर त्याला सर्वोच्च न्यायालयाकडे हक्काने जाता येईल, अशासारख्या मोजक्या वाटा त्याने उघडल्या. राष्ट्रपती व राज्यपाल यांना दयेचा अधिकार मिळाला. १८६०ची दंडसंहिता मात्र कलम ३०२सह जशीच्या तशी पुढे चालली. कराची-मुंबईच्या ठरावातील ते कलम कुठेच आले नाही. काळाच्या ओघात कायदा हळूहळू सौम्य झाला, हे खरे. पूर्वी खुनाबद्दल फाशी न दिल्यास न्यायाधीशाला कारण द्यावे लागे. १९५५च्या दुरुस्तीने ती अट गेली. १९७३च्या नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेने उलट नियम केला आणि फाशी द्यावयाची तर विशेष कारणे लिहिली पाहिजेत असे ठरवले. संसदेत अधूनमधून ठराव आले. १९५८ साली राज्यसभेत तो मांडणारे सभासद होते नटवर्य पृथ्वीराज कपूर. रंगभूमीवर बादशहाच्या आवाजात बोलणाऱ्या या माणसाने सभागृहात प्राणदंडाविरुद्ध भाषण केले आणि चर्चेनंतर ठराव मागे घेतला. १९६२च्या लोकसभेतील अशाच एका ठरावामुळे विषय विधी आयोगाकडे गेला. १९६७च्या पस्तिसाव्या अहवालात आयोगाने देशाची परिस्थिती पाहता धोका पत्करता येणार नाही, असा कौल दिला. त्रावणकोर संस्थानाने स्वातंत्र्याच्या सुमारास काही वर्षे खुनासाठी फाशी थांबवली होती, आणि पुन्हा सुरू केल्यावर खुनांच्या संख्येत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. हा देशी अनुभव असताना धोक्याची भाषा कशाच्या बळावर झाली, हे कोडेच आहे.

त्यानंतर हा वाद संसदेतून निघून टिळक मार्गावरील सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि तेथेच राहिला. १९८० साली बच्चनसिंग खटल्यात यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने मृत्युदंड घटनेशी सुसंगत ठरवला. मात्र ‘विरळातील विरळ’ प्रकरणी, आणि पर्यायी शिक्षेचा मार्ग निःसंशय बंद झाला असेल तेव्हाच तो द्यावा, अशी मर्यादा घातली. एकटे न्यायमूर्ती पी. एन. भगवती विरुद्ध होते. कुणाला फाशी होईल हे गुन्ह्यापेक्षा पीठावर कोण बसले आहे यावर ठरते, आणि फाशी मुख्यतः गरिबाच्या वाट्याला येते, असे त्यांनी १९८२ साली सविस्तर लिहिले.

भगवतींचे मत कागदावर यावयाच्या आधीच त्याचा दाखला घडून गेला होता. उत्तर प्रदेशातील एका हत्याकांडात तीन आरोपींना सारखीच भूमिका असताना सारखीच फाशी झाली. तिघे वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या पीठांपुढे सर्वोच्च न्यायालयात आले. एकाचा अर्ज १९७६ साली फेटाळला गेला. दुसऱ्याची शिक्षा १९७७ साली जन्मठेपेत बदलली. तिसऱ्याचा अर्ज १९७८ साली फेटाळला गेला. ६ ऑक्टोबर १९८१ रोजी पहिला फासावर गेला. तिसऱ्यालाही त्याच दिवशी जावयाचे होते, परंतु त्याने ऐनवेळी नवा अर्ज केला म्हणून तो वाचला. सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी १९८२च्या फेब्रुवारीत हा प्रकार निकालपत्रात नमूद करून तिसऱ्यासाठी राष्ट्रपतींकडे दयेची शिफारस केली. पहिल्यासाठी काही करण्याजोगे उरले नव्हते. ज्या न्यायमूर्तींनी दोन वर्षांपूर्वी मृत्युदंड वैध ठरवला होता त्यांच्याच लेखणीला हे लिहावे लागले.

न्याय आणि देहदंड यांची सांगड मराठी मनात रामशास्त्री प्रभुणे यांच्या कथेने घातली आहे. नारायणरावाच्या खुनाबद्दल राघोबादादाला देहांत प्रायश्चित्त सांगणारा शास्त्री बखरींतून, नाटकांतून आणि १९४४च्या प्रभात चित्रपटातून घराघरांत पोचला. त्या कथेत आपण ज्याला मान देतो ते धैर्य आहे. सत्तेच्या तोंडावर सत्य सांगण्याचे धैर्य. प्रायश्चित्त कधी अमलात आले नाही, राघोबा पेशवा झाला, आणि शास्त्रीबुवा पुणे सोडून गेले, हा भाग आपण ओझरता सांगतो. देहदंड बलवानापर्यंत पोचत नाही, हे त्या कथेतच लिहिलेले आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने देशभरच्या फाशीच्या कैद्यांची पाहणी करून २०१६ साली जो अहवाल काढला त्यात सुमारे तीन-चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ आढळले. खालच्या न्यायालयांनी दिलेल्या फाशींपैकी शंभरात सुमारे पाचच शेवटपर्यंत टिकल्या होत्या, आणि सुमारे तीसजण निर्दोष सुटले होते.

बच्चनसिंग निकालाने आखलेली मर्यादाही फार काळ जागेवर राहिली नाही. १९८३ साली माछीसिंग खटल्यात ‘समाजाची सामूहिक सदसद्विवेकबुद्धी’ इतकी हादरली असेल की समाज न्यायाधीशाकडून फाशीचीच अपेक्षा करील, ही कसोटी आली. सिमल्यातील अश्रू आणि साताऱ्यातील जळीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही कसोटी ऐकून दचकायला होते. पुढे १९९६च्या एका निकालाने गुन्हेगाराची परिस्थिती पाहण्याचे कारण नाही, गुन्हाच पाहावा, असे सांगितले. हे बच्चनसिंगच्या विरुद्ध होते. २००९ साली महाराष्ट्रातून आलेल्या बरियार खटल्यात न्यायालयाने ती चूक स्वतःच मान्य केली. १९९६च्या त्या निकालातील आरोपीला तोवर फाशी होऊन गेली होती. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या निकालांतील जिवंत कैद्यांसाठी दया मागितली.

चुकीच्या त्या मालिकेत नाशिकच्या न्यायालयातून आलेला एक खटला होता. २००३ साली एका कुटुंबावर झालेल्या भीषण हल्ल्याबद्दल भटक्या समाजातील सहा मजुरांना नाशिकच्या न्यायालयाने फाशी दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा सौम्य केली. एप्रिल २००९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी ठरवली. काही वर्षांनी एवढेच म्हटले जात होते की शिक्षा ठरवण्याची रीत चुकली. मग पुनर्विलोकनाचा अर्ज पुन्हा ऐकला गेला, साक्षी नव्याने तपासल्या गेल्या, आणि डोळ्यांदेखत हल्ला पाहिलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, ही गोष्ट समोर आली. त्या चौघांचा तपास कुणी केला नव्हता. ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकास पाच लाख रुपये देण्याचा हुकूम महाराष्ट्र सरकारला केला. १९४८ साली लारी जे बोलले होते त्याला महाराष्ट्राने सत्तर वर्षांनी दिलेले हे उदाहरण. खून झाला होता, तो क्रूर होता, समाज हादरला होता. पिंजऱ्यातील माणसे तेवढी चुकीची होती.

दरम्यान विधी आयोगाचे मत पालटले. न्यायमूर्ती अजित प्रकाश शहा यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने ३१ ऑगस्ट २०१५ रोजी २६२वा अहवाल सादर केला आणि दहशतवाद व युद्ध पुकारणे हे गुन्हे सोडून बाकी सर्वांसाठी मृत्युदंड रद्द करण्याची शिफारस केली. लारींच्या दुरुस्तीतील अपवाद आणि हा अपवाद यांत फार अंतर नाही. एक महिन्यापूर्वी, ३० जुलैला, १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोटांतील याकूब मेमनला नागपुरात फाशी झाली होती. त्या रात्री सर्वोच्च न्यायालयाचे दरवाजे मध्यरात्रीनंतर उघडले गेले, पहाटेपर्यंत सुनावणी झाली, आणि सकाळी शिक्षा अमलात आली. गोडसेचा प्रश्न अशा अपवादातच शिल्लक राहतो. राजकीय खुन्याला मारावे की नाही, या अवघड जागेपाशी लारीही थांबले आणि आयोगही थांबला. न थांबता पुढे गेले ते आंबेडकर आणि गांधींचे दोन मुलगे.

१ जुलै २०२४ रोजी १८६०ची दंडसंहिता संपली. तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०२चे १०३ झाले, फाशी राहिली. जात, धर्म, भाषा अशा कारणांवरून जमावाने केलेल्या खुनासाठीही ती आता सांगितलेली आहे. हा कायदा संसदेने २०२३च्या डिसेंबरात नव्या इमारतीत मंजूर केला. शेजारच्या ज्या जुन्या वास्तूत घटनासमिती बसत असे तिला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात ‘संविधान सदन’ हे नाव मिळाले होते.